भिंतीकडची जागा

रोम,
११ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. विमलताई यांना,
मंजुळाचा कृ. सा. न. वि. वि.

वर ‘यांना’ लिहिलंय ते कागदापुरतं. खाली नेहमीसारखं अगं-तुगंच आहे. मी सुखरूप पोचले. प्रज्योत विमानतळावर घ्यायला आला होता. पोरगा बारीक झालाय, पण तो म्हणतो की जहाजाच्या किचनमध्ये सगळेच असे दिसतात. जहाज दुरुस्तीला लागलंय म्हणून त्याला रजा, आणि त्या रजेत आईला रोम दाखवायचं त्याच्या डोक्यात आलं. मी म्हटलं होतं, रजा आहे तर तूच घरी ये. तर म्हणाला, घरी आलो की तू मासे विकायला बाजारात असतेस, इथे तरी सापडशील.

तुला फोन करावा तर ऐकू येत नाही आणि तू सगळ्याला हो म्हणतेस. म्हणून पत्रच लिहिते. मी कागदावर लिहायचं आणि प्रज्योतने फोटो काढून राधाच्या फोनवर पाठवायचा. तूही तसंच कर. राधाचा फोन घेण्याआधी हात मात्र धू. बाजारात आपल्या शेजारी बसते म्हणून ती सगळंच सहन करेल असं नाही.

थंडी आहे. साडीवर स्वेटर, त्यावर प्रज्योतचं जाकीट आणि खाली त्यानेच आणलेले बूट. माझं ध्यान तू पाहायला हवं होतंस. एका म्हातारीने रस्त्यात माझ्या पदराला हात लावून पाहिला आणि काहीतरी विचारलं. मी आपल्या भाषेत सांगितलं की लेकाने घेतलीय. दोघींचं समाधान झालं.

आज कोलोसियम पाहिलं. फोटोत दिसतं त्याहून मोठं आणि जास्त मोडकं आहे. आत माणसं आणि जनावरं झुंजवायचे, आणि हजारो लोक बसून बघायचे. कोण कुठे बसणार ते ठरलेलं होतं म्हणे. सरदार खाली, पुढे. बाकीचे त्यांच्या मागे. बायका सगळ्यात वर, जिथून काही धड दिसलं नसेल. प्रज्योतला त्याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. बाजारात कुणाची पाटी वीतभर सरकली तर काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय.

तू माझ्या जागेवर बसलीस म्हणून मी इथे आहे, नाहीतर आले नसते. आईंच्या वेळेपासून आपली कोपऱ्यावरची जागा, गल्लीत शिरणाऱ्याला आधी आपण दिसतो. ती रिकामी ठेवायला मन झालं नाही. चार वर्षांनी कोयता हातात घेतलास, बोटं सांभाळ. जड पाटी उचलू नकोस, राधा धक्क्यावरून दोघींचा माल आणणार आहे. कानाचं मशीन लाव. आणि कृणालला काय सांगितलंयस ते कळव.

लोभ आहेच, दुरून तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी भावजय,
मंजुळा


वेसावे, अंधेरी,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुळास,
विमलताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. राधाने आधी स्वतः वाचलं, मग मला दिलं, आणि हात धुवायच्या गोष्टीवर माझ्याकडे रोखून पाहत राहिली. तेव्हा पुढच्या वेळी जपून लिही.

मी छान आहे. पहिल्या दिवशी मांडी घालून बसले तर उठता येईना, राधाने आणि तिच्या पलीकडच्या सपनाने मिळून उभी केली. आता थर्माकोलचा खोका उलटा घालून त्यावर बसते. पण कोयता विसरले नव्हते. पहिलं पापलेट जरा फाटलं, दुसरं बरं झालं, तिसऱ्यापासून हात आपोआप चालायला लागला.

गिऱ्हाईक तुझंच आहे, पण मला ओळखणारेही निघाले. ते पेन्शनवाले कुलकर्णी, मांदेली घेतात ते, मला बघून थांबले आणि इतके दिवस कुठे होता असं विचारलं. म्हणजे असं विचारलं असावं, मी ओठांवरून समजून घेतलं. मी सांगितलं, बोरिवलीला सतराव्या मजल्यावर. त्यावर ते जे बोलले ते मला कळलं नाही, पण मांदेली नेहमीपेक्षा जास्त घेऊन गेले.

एक गंमत सांगते. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा मला ऐकूच येत नाही. मी आपली त्याच्याकडे बघत बसते. मग ते बिचारं स्वतःच थोडं वर चढतं. मी तरी बघतेच. राधा म्हणते, एवढी वर्षं आम्ही उगाच घसा फोडला. मशीन लावून पाहिलं, पण बाजारात ते नुसतं शिट्ट्या मारतं, डोकं उठतं. डबीत ठेवलंय.

कृणालला सांगितलंय की मंजुळाचं घर बघायला जाते, तुळशीला पाणी घालायला कुणी नाही. तुळशीला पाणी घालते, त्यामुळे खोटं असं काही नाही. बाजाराचं सांगितलं असतं तर त्याने सोडलंच नसतं. चार वर्षांपूर्वी रस्त्यात पडले होते त्याची धास्ती त्याच्या मनातून गेलेली नाही. पोरगा वाईट नाही गं. मला काही कमी पडू देत नाही. पण सकाळी तो आणि सून कामाला गेले की मी त्या खिडकीपाशी बसते, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणाला काही काम नसतं. इथे सकाळपासून दहा जणांना मी हवी असते.

तू मात्र नीट फिर. घाई करू नकोस. आल्यावर सगळं सांगायचंय तुला.

तुझी आठवण काढणारी,
विमलताई


रोम,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. विमलताई यांना,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रज्योतला मोठ्याने वाचून दाखवलं. भाव न ऐकण्याची गोष्ट त्याला इतकी आवडली की तो ती जहाजावर सगळ्यांना सांगणार आहे.

आज एक गोल देऊळ पाहिलं. पँथिऑन म्हणतात. दोन हजार वर्षांच्या आसपासचं आहे आणि अजून तसंच उभं आहे. वर घुमटाला मधोमध मोठं भोक, मुद्दाम ठेवलेलं. त्यातून ऊन खाली येतं आणि भिंतीवरून हळूहळू सरकतं. पाऊसही आत येतो म्हणे आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. आम्ही बाकावर बसून ते ऊन सरकताना बघत राहिलो. प्रज्योत कंटाळेल असं वाटलं होतं, पण तोही बसला. लहानपणी तुझ्याबरोबर मढच्या बोटीतून जायचा तेव्हा बसायचा तसा गप्प.

मग आणखी एका जागी गेलो. चार मोडकी देवळं रस्त्याच्या मधोमध, खड्ड्यात, आणि त्यांत मांजरंच मांजरं. खांबांवर, पायऱ्यांवर, उन्हात पसरलेली. मला बाजाराची आठवण आली. त्या मांजरांना मी माशाच्या वासाची वाटले की काय कोण जाणे, एक पायाशी घोटाळतच राहिलं.

इथल्या बाजारातही प्रज्योतने नेलं. कोळंबी झकास होती. एका माशाचा कल्ला उघडून बघावा म्हणून हात पुढे केला तर विकणाऱ्याने माझा हात अडवला. हात लावायचा नसतो म्हणे. तो सांगेल ते ताजं. प्रज्योत मला ओढून घेऊन गेला.

आता कामाचं. तू कृणालला खरं सांग. तुळशीचं निमित्त फार दिवस टिकणार नाही, आणि दुसऱ्याकडून कळलं तर त्याला लागेल. मशीन शिट्ट्या मारत असेल तर बाजारातून जाता-येताना तरी लाव. आपल्या जागेच्या पाठीमागे टेम्पो वळतात, मला ऐकू येतं म्हणून मी पाय ओढून घेते. मी हे निघण्याआधी सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलंच नाही. राधालाही सांगून ठेव.

माया असू दे.

मंजुळा


बोरिवली,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामीस,
कृणालचा कृ. सा. न. वि. वि.

मामी, तू फिरायला गेली आहेस, तिथे तुला त्रास द्यायची इच्छा नव्हती. पण आईच्या बाबतीत तुला कळवलं नाही असं व्हायला नको.

काल दुपारी राधामावशीचा फोन आला. आई बाजारात तुझ्या जागेवर बसली होती. एक टेम्पो मागे घेत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता, लोक ओरडत होते. आईला काहीच ऐकू आलं नाही. राधामावशीने हाताला धरून तिला ओढलं, त्यात ती खोक्यावरून पडली. मनगट सुजलंय, कोपर खरचटलंय. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरने पाहिलं. मी ऑफिसमधून तसाच निघालो आणि तिला घरी घेऊन आलो.

मामी, मला राग आला होता. अजून आहे. तिने मला तुळशीचं सांगितलं होतं. तुम्हा दोघींना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती पडली तेव्हा मी तिला उचललं होतं. तिचं डोकं माझ्या हातात होतं आणि ती डोळे उघडत नव्हती. तेव्हापासून ती रस्त्यावर आहे असं नुसतं मनात आलं तरी माझं कामात लक्ष लागत नाही. लोक म्हणत असतील, मुलाने आईला कोंडून ठेवलंय. म्हणू देत. मला माझी आई हवी आहे.

घरी आल्यापासून ती बोलत नाही. जेवते, विचारलं तर मान हलवते आणि खिडकीपाशी बसते. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती तुझं ऐकते. आता वय झालं, बाजार पुरे झाला, असं तू तिला लिही. तुझ्या शब्दाने ती मानेल. तुझी जागा तेवढे दिवस राधामावशी बघते म्हणाली आहे.

प्रज्योतला सांग, आठवण येते. तू काळजी घे, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा,
कृणाल


बोरिवली,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुळास,
अ. आ.

कृणालने लिहिलंच असेल. मला फार लागलेलं नाही. चूक त्या ड्रायव्हरची नाही आणि राधाचीही नाही. ती जिवाच्या आकांताने ओरडली म्हणते. मला तिचं तोंड दिसलं नाही, पाठ होती.

सुरमईचे तुकडे अर्धे राहिले.

तू कृणालला बोलू नकोस. तो घाबरलाय. काल घरी आणताना रिक्षात माझा हात धरून बसला होता, सोडलाच नाही.

इथून समुद्र दिसत नाही, हे तुला मागेच सांगितलं होतं ना.

विमलताई


रोम,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. कृणालला,
मामीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मी रागावलेली नाही. तू बरोबर होतास, आम्ही दोघींनी तुला सांगायला हवं होतं, आणि तिला तिथे बसवलं ते मी. ताईला काय लिहायचं ते मला सुचेना. तू सांगितलंस तसं लिहायला बसले, ‘आता पुरे’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. म्हणून कागद ठेवून दिला.

आज प्रज्योतने ओस्तियाला नेलं. रोमपासून गाडीने जायचं. हे रोमचं जुनं बंदर, पण समुद्र केव्हाच दूर गेलाय आणि गाव ओस पडलंय. छपरं नाहीत. भिंती, रस्ते, दुकानं आहेत. मोठमोठ्या झाडांखालून आपण त्या रस्त्यांवरून चालायचं. गर्दी नव्हती. गाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. तिथे प्रज्योतने हाक मारली, आई इथे ये.

मासेवाल्याचं दुकान होतं, कृणाल. मधोमध संगमरवरी टेबल, मासा ठेवायला आणि कापायला. मागे पाण्याची टाकी. जमिनीवर बारीक खड्यांचं चित्र, एका मोठ्या माशाने तोंडात लांब लांब हातांचं माकूळ धरलंय. तिथे काहीतरी लिहिलंय. प्रज्योतने मोबाईलमध्ये बघून सांगितलं की हेवा करणाऱ्याला पायाखाली तुडवीन असा त्याचा अर्थ. म्हणजे नजर तेव्हाही लागायची. मी खूप हसले.

मग मी टेबलाच्या मागे उभी राहिले. आत जायचं नसेल, पण हटकणारं कुणी नव्हतं. आणि उभी राहिल्याबरोबर मला एक गोष्ट कळली. पाठीला भिंत होती. समोर पूर्ण रस्ता. दोन्हीकडून जो येईल तो दिसणार, मागून कुणी येणार नाही. मी तिथून हलेना, तेव्हा प्रज्योतला वाटलं मला चक्कर आली.

आपली जागा कोपऱ्यावर आहे. गिऱ्हाईकाला उत्तम, पण पाठ टेम्पो वळतात त्या बाजूला. राधाची जागा शेजारीच, पण चार पावलं आत आहे, बाजाराच्या भिंतीला लागून. गिऱ्हाईक तिथे उशिरा पोचतं म्हणून ती कायम कुरकुरते. मी आजच राधाला कळवलंय की माझी जागा तू घे आणि तुझी मला दे, कायमची. आईंनी मला ती जागा देताना सांगितलं होतं की ही सोडू नकोस. हे लिहिताना मला बरं वाटतंय असं नाही. पण गिऱ्हाईक चार पावलं आत येईल. ताईला मागून येणारं ऐकू येत नाही.

आता निर्णय तुझा. ताईला मी काही लिहिलेलं नाही. एकच सांगते. एकदा तू स्वतः जा आणि राधाच्या जागेवर तासभर बस. कान बंद करून बस. तरी तुला भीती वाटली तर मला तसं कळव, मी तिला लिहीन की पुरे, आणि ते मनापासून लिहीन.

तू तिला कोंडलेलं नाहीस. पण ती तिथे रिकामी बसते, आणि रिकामं बसायची तिला सवय नाही.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, हे लक्षात असू दे.

मामी


वेसावे, अंधेरी,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुळास,
विमलताईचे अ. उ. आ.

आधी भांडून घेते, मग बाकीचं. माझ्या आईची जागा देऊन टाकायला तुला कुणी सांगितलं होतं? ती तुझी सासू होती हे खरं, पण आई माझी होती. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. तेवढ्यासाठीच विचारलं नाहीस ना, ते कळलं मला. राधासुद्धा आधी तयार नव्हती. म्हणाली, म्हातारीच्या जागेवर बसले तर ती स्वप्नात येईल. मग सपनाने समजावलं की जागेची अदलाबदल मंजुळानेच केलीय, म्हातारी यायची तर तिच्या स्वप्नात जाईल. तेव्हा तिथे झोपताना सांभाळून.

झालं ते असं. कृणालने तुझं पत्र मला दाखवलं नाही. बुधवारी ऑफिसला म्हणून गेला तो सरळ बाजारात. हे मला राधाने नंतर सांगितलं. तिला उठवून तिच्या जागेवर बसला, पँट-शर्ट-बूट सगळ्यासकट. कानात ती गाणी ऐकायची बोंडं घातली आणि नुसता समोर बघत राहिला. लोक थांबायचे, राधा त्यांना बाजूने मासे द्यायची. दोन टेम्पो आले आणि गेले. एका बाईने कृणालकडे बोंबील भाव पाडून मागितले, ते त्याला ऐकू आलं नाही. बाई भाव वाढवायला लागली तेव्हा म्हणे तो हसला. तासाभराने उठला, पँट झटकली आणि निघून गेला.

काल सकाळी म्हणाला, आई तयार हो. म्हणजे म्हणाला असेल, मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, त्याने समोर येऊन पुन्हा सांगितलं. मला वाटलं डॉक्टरकडे न्यायचंय. रिक्षा बाजारापाशी थांबली तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो दुसरीकडे बघत होता. मग खिशातून तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि ऑफिसला गेला.

ते मी राधाच्या जागेवर, म्हणजे आता आपल्या जागेवर बसून वाचलं. भिंत पाठीला गार लागते, दुपारपर्यंत बरं वाटतं. डाव्या हाताला अजून पट्टी आहे म्हणून कापायचं काम सपनाने केलं, मी विकलं. कुलकर्णी कोपऱ्यावर आले, राधाला बघून गोंधळले, इकडेतिकडे पाहिलं. मी हात केला. आले आत. तुझी चार पावलं त्यांनी मोजून टाकली आणि जुन्या जागी बरं होतं असं सांगितलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं, यावेळी मुद्दाम.

कृणालच्या अटी अशा. आठवड्यातून तीनच दिवस. आदल्या रात्री तुझ्याकडे राहायचं, पहाटेचा प्रवास नाही. जाता-येताना मशीन. मी सगळं कबूल केलं. तीन दिवस मी निवडलेत, बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार तुझे. मासे न खाणाऱ्यांचे वार तुझ्या वाट्याला आले त्याला माझा इलाज नाही, आईची जागा दिलीस त्याची ही शिक्षा समज.

काल संध्याकाळचं सांगते आणि पुरे करते. बाजार उलगत आला होता, मी उरलेली कोळंबी बर्फावर पसरत होते. मान वर केली तर गल्लीच्या तोंडाशी कृणाल उभा. ऑफिसची बॅग खांद्यावर, मधे सगळी गर्दी. त्याचे ओठ हलत होते. आई म्हणून हाक मारत असेल, किती वेळ मारत होता कुणास ठाऊक. मला काही ऐकू आलं नाही. पण तो दिसला. मी बसल्या जागेवरून हात वर केला, आणि तो माणसांतून वाट काढत यायला लागला.

प्रज्योतला आशीर्वाद. तू सावकाश ये, आणि आल्यावर माझ्याशी भांडायला विसरू नकोस.

तुझी,
विमलताई